इथी चालू, तिथी बंद

भाऊ, तुझ्या कानाच्या वर बसलेला घाव माझ्यासाठी होता, हे आता आख्ख्या गडचिरोलीला माहीत आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलतो. बहिणीला वाचवताना गेला. असा भाऊ नशिबानं मिळते, पोरी. बाया माझं डोकं छातीशी धरतात आणि माझी मान खाली जाते. त्यांना वाटतं, ही रडते आहे. मला त्या वेळी समोरच्या हाताला कडकडून चावावंसं वाटत असतं.

त्यांच्यासमोर बोलता येत नाही ते इथं लिहिते. तू वाचणार नाहीस, हे कळतं मला.

तू स्वतः काही देवमाणूस नव्हतास. मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी सात वर्षं चालवलीस आणि शेवटी एका पर्यटकाच्या थोबाडीत मारून घरी आलास. तो माणूस फोटोसाठी गाडीतून खाली उतरला होता आणि समोर वीस पावलांवर वाघीण बसली होती. तू त्याला कॉलर धरून ओढत आत टाकलंस आणि वर एक ठेवून दिलीस. काम गेलं. मायनं विचारलं तेव्हा तू भाताचा घास घेत म्हणालास, "एक थापड मारली, काम गेलं. नसती मारली तं तो गेला असता." आणि हसलास. बाबा गेल्यापासून आपल्या घरात इतक्या मोठ्यानं कोणी हसलं नव्हतं.

मग तू मला म्हणालास, "तू नागपूरले हार्डवेअर शिकली ना? चाल, दुकान टाकू." कुरखेड्याजवळच्या आपल्या गावात असलं दुकान कोण चालवणार, म्हणून गडचिरोलीत गाळा घेतला. दहा कॉम्प्युटर, दहा खुर्च्या, एक जनरेटर. कॉलेजची पोरं गेम खेळायला यायची. तुला रोशनभाऊ म्हणायची आणि मला घाबरायची.

आपली भांडणं मॉनिटरवरून झाली. लोकांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. पहिले पाच मॉनिटर बरे होते. दुसरे पाच दुसऱ्या कंपनीचे, स्वस्तातले, पण खोक्यावर लिहिलेलं अगदी सारखं. सेकंदाला तेवढीच चित्रं, म्हणजे तेवढेच हर्ट्झ, तेच अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. पहिल्याच दिवशी तू त्या दुसऱ्या रांगेत बसलास, माउस जोरात फिरवलास आणि ओरडलास, "हे काय वो? मान इकडं अन् धड तिकडं!"

मी तुला समजावलं. ग्राफिक्स कार्ड चित्रं एकसारख्या वेळानं काढत नाही. कधी भरभर, कधी सावकाश. मॉनिटर मात्र आपल्या ठरल्या वेळेला चित्र दाखवतो. दोघांचा मेळ बसला नाही की वरचं अर्धं चित्र जुनं आणि खालचं अर्धं नवं. सिंक चालू केलं की मॉनिटर कार्डासाठी थांबतो.

तू ऐकून घेतलंस. म्हणालास, "वाघ रस्ता ओलांडते तेव्हा पाह्यलं का तू? एक पाय टाकला की सगळं आंग त्याच्या मागं जाते. असं कापल्यावानी नाई जात. चालू कर मंग ते सिंक."

मी चालू केलं. त्या स्वस्तातल्या पाचांवर चित्र फाटायचं थांबलं, पण पडदा लपलप करायला लागला. गेम जड झाला, कार्डाचा वेग खाली-वर झाला की उजेड कमी-जास्त व्हायचा, मरायला आलेल्या ट्यूबलाइटसारखा. पोरांचे डोळे दुखायचे. म्हणजे चालू ठेवा तर लपलप, बंद ठेवा तर कापाकापी. त्या पाचांवर मी बंद करून टाकलं आणि चांगल्या पाचांवर चालू ठेवलं.

"असं नाई चालत," तू म्हणालास. "चालू तं सगळ्याईचं चालू, बंद तं सगळ्याईचं बंद. आपल्या दुकानात माणूस कोणत्याबी खुर्चीवर बसला तरी त्याले सारखंच दिसलं पाह्यजे."

"अन् चांगल्या मॉनिटरचा सत्यानाश करू का मंग?"

"कर."

दोन महिने हे चाललं. एकदा तू गिऱ्हाइकांसमोर मला "अडेल" म्हणालास, तर मी हातातला माउस तुला फेकून मारला. तुझा ओठ फुटला. तू शर्टाच्या बाहीनं रक्त पुसलंस आणि म्हणालास, "नेम चांगला आहे तुहा. खेळात काऊन चुकते?" मला हसू आलं आणि त्या हसण्याचाच इतका राग आला की दुपारभर तुझ्याशी बोलले नाही. भांडण तिथंच राहिलं. त्या ओठाबद्दल मी तुझी माफीसुद्धा मागितली नाही.

मग ती चंद्रपूरची स्पर्धा झाली. आपली पाच जणांची टीम, त्यात एकटी मी बाई, तू नुसता सोबतीला. तिथल्या टीमचा कॅप्टन अक्षय. तेवीस-चोवीस वर्षांचा, फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करणारा, दंडावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. त्यांनी आपल्याला धुऊन काढलं. शेवटी तो हेडफोन काढत सगळ्यांसमोर म्हणाला, "गडचिरोलीवाले आहेत, सांभाळून जा रे बाबाहो. जंगलात रस्ता नाई सापडला तं गेम कसा सापडन?" सगळे हसले. तूसुद्धा हसलास.

बसमध्ये मी तुला म्हटलं, "माराचं होतं त्याले."

"कायले? हरलो ना आपण."

"तो आपल्याले जंगली म्हणते अन् तू हसते?"

"जंगलातलेच आहो आपण," तू म्हणालास. खिडकीबाहेर बघत राहिलास. तुझ्यासाठी गोष्ट संपली होती. मी मात्र सावली गाव येईपर्यंत माझ्या तळहातात नखं रोवत होते.

परतीचा सामना आपल्या दुकानात ठरला. त्या रविवारी सकाळी तू खुर्च्या पुसत होतास, जनरेटरमध्ये डिझेल भरत होतास, पाहुण्यांसाठी पोहे सांगितले होतेस. कोणत्या रांगेत कोण बसणार ते नाणं उडवून ठरवायचं, असं तूच ठरवलं होतंस. आणि दाराशी उभा राहून तू मला विचारलंस, "प्रणाली, सगळे सारखे केले ना?"

मी वायर खोचत होते. वर न बघता म्हटलं, "हो."

केले नव्हते, भाऊ. करायचे राहून गेले असंही नाही. आपल्या पाचांवर सिंक चालू होतं, त्यांच्या पाचांवर बंद. तू जनरेटरकडे गेलास तेवढ्यात ते लोक आले आणि मी गोड आवाजात म्हटलं, "पाहुणे, तुम्ही पंख्याखाली बसा. गर्मी आहे." पंखा दुसऱ्या रांगेवर होता. नाणं उडवलंच नाही. अक्षय मला "थँक्यू ताई" म्हणाला.

त्या सिंकनं फार मोठा फरक पडला असेल असं मला आजही वाटत नाही. केसाएवढा पडला असेल. पण शेवटची फेरीही केसाएवढ्यानंच सुटली. आपला एक माणूस उरला होता, मी. त्यांचा एक, अक्षय. तो माझ्यावर वळला, जोरात वळला, आणि त्याच्या पडद्यावर माझे दोन तुकडे झाले असणार, कारण त्यानं गोळी मारली ती मी जिथं नव्हते तिथं. मी त्याला मारलं. आपली पोरं टेबलं बडवायला लागली. मीही उभी राहून ओरडले. काय ओरडले ते लिहिवत नाही.

अक्षय ओरडला नाही. तो खाली वाकला, पडद्याखालचं बटण दाबलं, मेनू उघडला. वाचला. मग उठून आमच्या रांगेकडे आला आणि माझ्या मॉनिटरचं बटण दाबलं.

"इथी चालू," तो म्हणाला. बोट मागे दाखवलं. "तिथी बंद."

मग तो सगळ्यांकडे वळून ओरडला.

"इथी चालू, तिथी बंद! म्हणून पंख्याखाली बसवलं का आमाले? चोर आहे ही! चोर!"

मी त्याच्या कानशिलात मारली.

त्यानं गालावर हात ठेवला आणि नुसता बघत राहिला. "खरं बोललो म्हणून मारून राह्यली का?"

दुसरी मी मुठीनं मारली. त्याच्या दाताला माझी बोटं लागली, कातडी सोलली. त्याच्या तोंडातून रक्त आलं. मला बरं वाटलं, भाऊ. तुझ्यापासून काय लपवू? आतून गरम, गोड असं बरं वाटलं. तेवढ्यात त्याच्या एका मित्रानं माझे केस धरून मागे ओढलं. आपल्या पोरांपैकी कोणीतरी त्याच्या पाठीत खुर्ची घातली, आणि मग कोण कोणाला मारतं ते कळेनासं झालं. टेबल कलंडलं. तीन मॉनिटर वायरींसकट खाली आले. एकाचं स्टँड निखळून पडलं, लोखंडी बुडाचं. मी अक्षयच्या पोटात लाथ घातली. तो पडला. उठला तेव्हा ते स्टँड त्याच्या हातात होतं.

तू जनरेटर सोडून दारातून आत आलास. मी तुला येताना पाहिलं. तू कोणाला मारलं नाहीस, ओरडलासुद्धा नाहीस. फक्त माझ्या पुढे आलास. स्टँड फिरलं. तो आवाज काही मोठा नव्हता.

तू खाली बसलास, कानावर हात ठेवून. बोटांतून थोडंसंच रक्त आलं. "बस," तू म्हणालास. "बस आता. बसा खाली सगळे."

आणि सगळे बसले. तुझा आवाजच तसा होता. अक्षयच्या हातातून स्टँड गळून पडलं. तो रडत होता, "भाऊ, तुमाले नवतं माराचं, भाऊ." तू त्याला पाणी दिलंस. माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलंस, त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलंस. "जा तुमी," त्यांना म्हणालास. "साडेचारची बस भेटते."

ते गेले. आपली पोरंही गेली. मी म्हटलं, दवाखान्यात चाल. तू म्हणालास, "एवढ्याले टाका नाई पडत." झाडू घेऊन काच गोळा करायला लागलास. मग झाडू टेकवलास आणि परत विचारलंस.

"प्रणाली. सगळे सारखे होते ना?"

मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो."

तू काहीतरी बोलणार होतास. बोलला नाहीस. "डोकं ठणकून राह्यलं," म्हणालास. "चहा आण."

टपरीवर गर्दी होती. मला पंधरा मिनिटं लागली असतील. परत आले तर तू माझ्याच खुर्चीवर होतास, डोळे मिटून. "उजेड लागून राह्यला डोळ्याले," म्हणालास. मग ओकलास. मग मला माझ्या नावानं हाक मारायला गेलास आणि ते नाव तुझ्या जिभेवर येईना.

डॉक्टरांनी आतमध्ये रक्त साचल्याचं सांगितलं आणि लगेच नागपूरला न्यायला सांगितलं. मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तुझा हात धरून बसले. आरमोरी गेलं, ब्रह्मपुरी गेलं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, तिन्हीसांजेचा अंधुक उजेड उरलेला. मी मनात म्हणत होते, नागपूर आलं की सांगीन. शुद्धीवर आला की पहिलं तेच सांगीन. नागभीडच्या अलीकडं तुझा हात जड झाला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जबाब घेतला. मी सांगितलं, हरला म्हणून चिडला, खोटा आरोप केला, अंगावर धावून आला. आपल्या पोरांनीही तेच सांगितलं. अक्षयला त्याच्या घरून उचललं. मला त्याचंही बरं वाटलं. त्याला तुडवावं, त्याची बोटं मोडावीत, त्यानं तिथंच सडावं असं वाटायचं. गावात मांडवाखाली बसून मी हेच घोकत होते. मायला घास भरवतानासुद्धा.

पंधराव्या दिवशी पोलिसांनी दुकानाची किल्ली परत दिली. पंचनाम्याच्या खुणा फरशीवर तशाच होत्या. मी सगळं सामान विकून टाकायचं ठरवलं होतं. काय चालतं, काय नाही ते बघायला एकेक मशीन सुरू केलं. सात मॉनिटर शाबूत होते. माझ्या मॉनिटरचा मेनू उघडला.

सिंक बंद.

शेजारचा उघडला. बंद. त्याच्या शेजारचा. बंद. रांगेतले सगळे उघडले, दुसऱ्या रांगेतले वाचलेलेही उघडले. सातच्या सात बंद. सामना सुरू असताना आमच्या रांगेत सगळीकडे चालू होतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तेव्हापासून दुकानात एकटं कोणी होतं तर फक्त तू. मी चहाला गेले तेव्हा.

म्हणजे तू पाहिलंस. कवटीत रक्त साचत असताना तू एकेका खुर्चीशी वाकलास, बटणं दाबलीस, माझं खोटं वाचलंस आणि सगळे सारखे करून ठेवलेस. आणि मी चहा घेऊन आले तेव्हा एक शब्द बोलला नाहीस.

मी टेबलाला लाथा घातल्या, भाऊ. पायाचं नख उपटलं तरी घालत राहिले. तुझ्यावर ओरडले. त्या परक्या माणसाला थापड मारून गाडीत ओढलं होतंस ना? मंग मले काऊन नाई मारलं? एक ठेवून द्यायची होतीस. शिव्या द्यायच्या होत्यास. तू गप्प राहिलास आणि ते सगळं माझ्यावर टाकून गेलास. ह्याच्याबद्दल मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. तुझं गप्प बसणं ही माया होती की बोलायची ताकदच उरली नव्हती, ते मला कधी कळणार नाही. माया होती असं समजायला माझं मन धजत नाही.

तशीच, रक्ताळलेल्या पायानं, पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांना म्हटलं, मले जबाब बदलाचा आहे.

ते म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ मेला. तो पोरगा आत आहे. आता काऊन खाजवून राह्यल्या?"

"त्यानं खोटा आरोप नवता केला. खराच केला. पहिले मी मारलं. दोनदा. लाथबी मीच मारली."

"ह्यानं तुमच्यावरबी गुन्हा लागू शकते. त्या पोराची केस ढिली होईन ते वेगळं. समजून राह्यलं का तुमाले?"

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. मी सही केली. स्टँड त्यानंच फिरवलं, तेही लिहिलं. त्याचं होतं ते त्याच्या नावावर, माझं होतं ते माझ्या.

संध्याकाळी गावात जाऊन मायला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि मला मारायला लागली. आधी हातानं, मग हाताला लागेल त्यानं. तोंडावर, पाठीवर. "माह्या पोराले खाल्लं तू! खाल्लं!" मी हात वर केला नाही. तिचा दम संपेपर्यंत ती मारत राहिली. मग जमिनीवर बसली. शेवटी विचारलं, "त्या पोराले माय आहे का?"

"आहे. चंद्रपूरले."

"उद्या जाऊ."

दोन खोल्यांचं घर होतं ते. अक्षयच्या आईनं दार उघडलं आणि माझा सुजलेला चेहरा बघून घाबरली. माय म्हणाली, "मी रोशनची माय." ती बाई दाराची चौकट धरून खालीच बसली. पाया पडायला लागली तर मायनं तिला दंडाला धरून उठवलं. जरा जोरानंच. "तुह्या पोरानं माह्या पोराले मारलं," माय म्हणाली. "ते मी विसरणार नाई. पण ही काय सांगते ते आयक."

मी सांगितलं. पंख्यापासून सगळं. त्या बाईला मॉनिटर, सिंक काही कळलं नाही, पण "तो खरं बोलत होता" एवढं कळलं. तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "हे कोर्टात सांगशील? जजसमोर?"

"सांगीन."

"तवा नाई म्हणशील तं?"

"मी आणीन इले," माय म्हणाली. "धरून आणीन."

त्या बाईनं पाणी आणलं. मायनं पेला हातात धरला, बराच वेळ धरला, आणि दोन घोट प्याली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. निघताना कोणी कोणाला "येतो" म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये माय खिडकीशी बसली. मूल गाव मागे पडलं तेव्हा तिची मान माझ्या खांद्यावर कलली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच झोपली, भाऊ. तिनं मारलेल्याच खांद्यावर. तो ठणकत होता. सावली गेलं, वैनगंगेचा पूल आला, बस हादरे खात होती. गडचिरोली येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.